पोस्टाने आलेली आडकाठी

पिट्सबर्ग
९ मार्च २००४

डेला,

तब्येतीची चौकशी मागाहून. आधी मला सांग, टेपवर हसणारी ती बाई कोण?

खोकं काल पोचलं. आईने ते वर आणून माझ्या पुढ्यात ठेवलं, कारण डॉक्टरांनी मला जिना बंद केलाय. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे आणि आतून अशी खाज सुटते की खाजवून खाजवून आईच्या विणायच्या सुया वाकल्या. कॉम्प्युटर तिच्या शिवणाच्या टेबलावर मांडून घेतलाय. म्हटलं, हात तर शाबूत आहेत. तुम्ही डोंगरात फिरून माणसं टिपा, मी इथे बसून फिल्म जोडते. मोठ्या हौसेने पहिली टेप लावली, तर कॅमेऱ्यामागे कुणीतरी खदाखदा हसतंय. ती तू नाहीस. तू नाकातून हसतेस. ही गळा मोकळा सोडून हसते, आणि तिच्यामागोमाग तूही हसतेस. कशावर हसलात ते टेपवर नाही. मी मागे नेऊन नेऊन ऐकलं.

माझ्या जागी कुणीतरी लागणारच, एवढी अक्कल मला आहे. आपली गाजर बस उभी राहून चालणार नाही. पण ती बस भंगारातून आपण दोघींनी आणली, तिला तो नारिंगी रंग आपण फासला, हॉटेलांच्या मागच्या दारी उभं राहून तळणाचं उरलेलं तेल मागितलं ते आपण, आणि त्या तेलावर ती डोंगर चढवली तीही आपणच. ऑगी आणि बाकीचे दोघं नंतर आले. मागच्या गावाचं बोलणं पुढच्या गावाला चादरीवर दाखवायचं ही कल्पना तुझी, मान्य. चादर बांधायला टपावर चढायचं आणि तिथून खाली आदळायचं, एवढं मात्र माझ्या वाट्याचं. तेव्हा माझा कॅमेरा कुणाच्या गळ्यात घालताना मला एक ओळ लिहिली असतीस तर तुझी शाई संपली नसती.

आई रोज हलुश्की करते. कोबी आणि लोणी, लोणी आणि कोबी. लवकर लिही.

मार्ता


स्टिलहाउस ब्रांच, पश्चिम व्हर्जिनिया
२० मार्च

माझे लाडके लंगडे,

केवढी चिडलीस! पत्र वाचून दाखवलं तर ऑगी म्हणाला, "हिचा पाय मोडला, जीभ नाही मोडली." (तिचा भाग सोडून वाचलं, घाबरू नकोस.)

तिचं नाव जुनिपर. ओहायोची आहे, आपल्याच वयाची. टीव्हीच्या बातम्यांसाठी कॅमेरा धरायची. तिथे कोळसा कंपनीविरुद्ध काही दाखवू देईनात म्हणून नोकरी सोडली आणि आपली बस शोधत आली. तुझ्या फळीवर झोपते, कारण तेवढी एकच रिकामी होती. तुझं जाकीटही घातलंय, कारण इथे अजून बर्फ आहे आणि ती एका स्वेटरवर आली होती. तुला विचारायला हवं होतं. राहून गेलं.

आता कामाचं ऐक. या गावाची शाळा डोंगराच्या पायथ्याशी आहे आणि शाळेच्या बरोब्बर वर कोळसा धुऊन उरलेल्या काळ्या गाळाचा तलाव. कंपनीला त्याचा बांध आणखी उंच करायचाय. ६ मे रोजी सरकारी सुनावणी आहे. इथे हॉबर्ट एस्टेप म्हणून म्हातारे आहेत, सगळं खोरं त्यांना काकाच म्हणतं. त्यांनी त्या बांधावर आयुष्य काढलं. बांध कुठे झिरपतो ते त्यांना ठाऊक आहे, पण बोलत नाहीत, कारण त्यांचा मुलगा अजून कंपनीत आहे. माझ्या तोंडावर दार लावलं. मग जुनिपर गेली, कॅमेरा बसमध्येच ठेवून. काका जाळीच्या दारातून म्हणाले, "तू त्या गाजरातली का गं?"

"हो, काका."

"बटाटे तळल्याचा वास येतो म्हणतात तिला."

"या ना बघायला. पण जेवून या, नाहीतर भूक लागेल."

म्हातारा हसला! टेपवर आम्ही हसलो ते त्याच दिवशी, ती बसमध्ये परत आल्यावर. दार अजून बंद आहे, पण आता आतून कडी नसते.

एक गोष्ट. जुनिपरला आपल्यात कायमचं यायचंय. १८ एप्रिलला बैठक ठेवलीय. तुला नियम माहीतच आहे, सगळ्यांची संमती हवी, आणि जो लांब आहे त्याचं मत पोस्टाने. तू फक्त "हो" लिहून पाठव. तुझ्या वतीने संमतीची बोटं आम्ही हलवू.

तुझ्याशिवाय बस फार नीटनेटकी झालीय. आवडत नाही मला.

डेला


पिट्सबर्ग
२९ मार्च

डेला,

जुनिपर म्हणजे झुडूप ना गं? आईबापांनी ठेवलेलं नाव आहे की स्वतःच लावून घेतलं? आईला सांगितलं तर म्हणाली, "आपल्या जुन्या देशात त्याची दारू करतात." मला बरं वाटलं.

तिच्या टेपा मी नीट पाहिल्या. टीव्हीवालीच आहे, लपत नाही. चित्र जरासुद्धा हलत नाही. पुरुष बोलायला लागला की हळूच जवळ जाते, बाई रडायला लागली की त्याहून हळूच. सगळं कसं इस्त्री केल्यासारखं. आपली फिल्म अशी नसते. आपल्या फिल्ममध्ये कुत्रं मध्ये येतं, मी शिंकते, तू मागून प्रश्न विचारतेस. लोकांना त्यावरून कळतं की ही आपल्यातलीच माणसं आहेत. हिचं पाहिलं की वाटतं, आता जाहिरात लागणार.

पोटात दुखतंय माझ्या, असं म्हणशील. दुखतंयच. इथे खिडकीतून शेजारच्यांची गच्ची दिसते आणि टेबलावर तुम्ही सगळे दिसता, ताज्या हवेत, गाल लाल झालेले. परवा एका टेपच्या शेवटी कॅमेरा चुकून चालू राहिला होता. तू चुलीपाशी सोयाबीन ढवळत होतीस आणि तिने तुझ्या केसांतला काटा काढून दिला. म्हणजे गवताचा काटा. तू "थँक्यू" म्हणालीस. मला कधी थँक्यू म्हटलंस? आपल्यात थँक्यू नव्हतं, म्हणून मला ते चांगलं वाटायचं.

जाकीट ठेवा. बैठक मात्र पुढे ढकला. जूनपर्यंत मी चालायला लागेन. माणूस पाहिल्याशिवाय मी "हो" कसं म्हणू?

मार्ता


स्टिलहाउस ब्रांच
८ एप्रिल

मार्ता,

बोलले! हॉबर्टकाका बोलले!

मी आणि ऑगी तेल मागायला खाली मोठ्या रस्त्यावर गेलो होतो. परत आलो तर जुनिपर बसच्या पायरीवर रडत बसलेली. म्हटलं कंपनीवाल्यांनी मारलं की काय, त्यांची ती पांढरी गाडी आमच्यामागे फिरतच असते. ती म्हणाली, "सगळं सांगितलं त्यांनी. कुठे झिरपतं, कुणाला कळवलं होतं, कुणी गप्प बसायला सांगितलं. सगळं."

दोन टेपा आहेत. आम्ही बघितल्या नाहीत. मूळ टेप कॅमेऱ्यात पुन्हा फिरवली की झिजते, हे तूच आमच्या डोक्यात भरवलंस. तेव्हा सगळ्यांत आधी तूच बघणार. सुनावणीत हेच ऐकवायचं, मार्ता. यावर सगळं आहे. काकांना स्वतःला येता येईल असं वाटत नाही. कोळशाने फुप्फुसं खाल्लीत त्यांची, काल पुन्हा श्वास लागला आणि त्यांना चार्ल्सटनच्या हॉस्पिटलात नेलं. तिथे कुणाला भेटू देत नाहीत.

आणखी एक गंमत सांगते. जुनिपरने मला कॅमेरा शिकवला. काल शाळेतल्या मुलांचा खेळ मी टिपला, एकटीने. हात थरथरत होते. इतकी वर्षं त्या यंत्राच्या शेजारी बसून प्रवास केला, पण तू कधी हात लावू दिला नाहीस, आणि मलाही कधी मागावंसं वाटलं नाही. आता वाटतं, का नाही मागितला?

बैठक ढकलता येणार नाही. तिला राहायचं की जायचं हे कळायला हवं, उन्हाळ्याचं काम तिला दुसरीकडून आलंय. एक शब्द लिही गं. माझ्यासाठी.

डेला


पिट्सबर्ग
१४ एप्रिल

गाजरमधल्या सर्वांना,

१८ तारखेच्या बैठकीत हे पत्र वाचून दाखवावं.

जुनिपर यांना कायम सभासद करून घ्यायला माझी आडकाठी आहे. आपल्या नियमाप्रमाणे आडकाठी वैयक्तिक कारणासाठी घालता येत नाही, कामाच्या तत्त्वाला धक्का बसत असेल तरच घालता येते. म्हणून कारण लिहिते.

हॉबर्ट एस्टेप यांच्या दुसऱ्या टेपवर चित्र पूर्ण काळं आहे. सुरुवातीला जुनिपर यांचा आवाज स्पष्ट येतो, "बंद केलं बघा. आता बोला." त्यानंतर एस्टेप टेप संपेपर्यंत बोलतात. याचा अर्थ, कॅमेरा बंद आहे असं सांगून त्यांचा आवाज चोरून घेतला गेला. ते आजारी आहेत, त्यांचा मुलगा कंपनीत आहे, आणि त्यांनी विश्वासाने सांगितलेलं आपण सुनावणीत वाजवणार आहोत. टीव्हीवाले हेच करतात. आपण ते करत नाही म्हणून तर बस घेऊन निघालो.

माझ्या मते ही टेप वापरता कामा नये.

मार्ता होलुब

(डेला, हे लिहिताना मला आनंद झाला असं समजू नकोस. पण मी जे ऐकलं ते ऐकलं.)


स्टिलहाउस ब्रांच
२० एप्रिल

मार्ता,

ऑगीने पत्र वाचलं. सगळे जुनिपरकडे बघत होते आणि मी खाली.

ती म्हणाली, "त्यांनी चेहरा दाखवायला नाही म्हटलं होतं, आवाजाला हो म्हटलं होतं. पहिल्या टेपच्या शेवटी त्यांच्याच तोंडून आहे ते. मग टेप संपली आणि मी दुसरी लावली. 'बंद केलं' म्हणजे चित्र बंद केलं. मार्ताने पहिली टेप बघितली नाही का?"

बघितलीस का? दोन्ही टेपा तुझ्याकडे आहेत. काका हॉस्पिटलात, त्यांना विचारता येत नाही. त्यांच्या मुलाला विचारलं तर त्यालाच सगळं कळेल. म्हणजे खरं काय ते आता फक्त तुला बघता येईल.

आडकाठी आहे तोवर तिने बसमध्ये राहायचं नाही, हा नियम आहे, आणि तो मोडू असं कुणीच म्हणालं नाही. ती चर्चच्या तळघरात राहायला गेली. जाताना तुझं जाकीट घडी घालून फळीवर ठेवलं. मी "घेऊन जा, गारठा आहे" म्हटलं, तर म्हणाली, "तिचं आहे."

आम्ही तुझ्या शब्दावर थांबलोय. तूच आमच्यातली सगळ्यांत पक्की, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर कुणी वाद घातला नाही.

पहिली टेप शेवटपर्यंत बघ. लगेच लिही.

डेला


पिट्सबर्ग
२६ एप्रिल

प्रिय डेला,

पहिली टेप शेवटपर्यंत पाहिली. काका पायरीवर बसून रानकांदे निवडतायत, मुळं खुडतायत, माती झटकतायत. मग टेप संपते. परवानगीबद्दल काही नाही. वाईट वाटतं, पण असं आहे.

जुनिपरवर कुणी राग धरू नये. तिला त्या नोकरीची सवय लागली असेल, सवयी जात नाहीत लवकर. जाकीट तिला खुशाल द्या.

एस्टेपांचं बोलणं सोडून बाकीची फिल्म मी जोडलीय. व्हिडिओ कॅसेट सोबत आहे. १ मे रोजी अग्निशमन केंद्रात रानकांद्यांची पंगत आहे असं टेपवर ऐकलं, तिथे दाखवा. सुरुवात बघ, छान झालीय. तुझा मुलांचा खेळही घेतलाय. हात थरथरलेत, पण गोड आहे.

प्लास्टर पुढच्या आठवड्यात काढणार. मग व्यायाम, मग काठी, मग मी. फळी झाडून ठेव.

आई तुला विचारत होती. तुझ्यासाठी अक्रोडाचा नटरोल भाजून ठेवते म्हणाली.

तुझी,
मार्ता


स्टिलहाउस ब्रांच
२ मे

मार्ता,

आज सकाळी गॅस स्टेशनवरून फोन केला होता. तुझ्या आईने उचलला. म्हणाली, मार्ता झोपलीय. मग मागून तुझा आवाज आला, "कोण आहे?" तुझ्या आईला खोटं बोलता येत नाही गं, बिचारी गडबडली. तिच्याजवळ निरोप दिलाय: दोन्ही मूळ टेपा ताबडतोब, सगळ्यांत जलद पोस्टाने. सुनावणी गुरुवारी आहे. बाकीचं निरोपात मावत नाही म्हणून लिहितेय.

काल पंगतीला सगळं गाव होतं. रानकांदे, बटाटे, डुकराचं मांस, वासाने डोळ्यांत पाणी. आणि दारातून हॉबर्टकाका आले, नाकात नळ्या, मागे ऑक्सिजनचं नळकांडं चाकावर ओढत. हॉस्पिटलातून सही करून स्वतःच निघून आले होते. म्हणाले, "तिथे जेवायला काय देतात माहितीय? जेली!"

पडदे ओढले, फिल्म सुरू केली. सुरुवातीलाच काका पायरीवर रानकांदे निवडतायत. फार सुंदर आहे तो भाग, मार्ता. त्यांचे हात, माती, मागे कुठेतरी कोंबडा. दृश्य तुटून शाळा आली, तसे काका खुर्चीतून म्हणाले, "अरे, थांबा. माझी टोपी कुठे गेली?"

मी म्हटलं, "डोक्यावरच आहे, काका."

"ही नव्हे गं. त्यातली! कांदे झाले, मी हात पुसले, तिला म्हटलं, 'माझं थोबाड नको, आवाज घे हवा तेवढा, आता मला कुणाच्या बापाची भीती नाही.' आणि माझी टोपी काढून मीच कॅमेऱ्याच्या त्या काचेवर अडकवली. इतकी हसली पोरगी! ते का कापलं? तेच तर चांगलं होतं."

सगळा हॉल हसला. जुनिपर मागे भांडी घासणाऱ्यांत उभी होती. ती नाही हसली. ऑगीने माझ्याकडे बघितलं आणि मला कुठे बघावं कळेना.

दुसरी कुठलीही दृश्यं घेतली असतीस तरी चाललं असतं. शाळा होती, नदी होती, माझी थरथरती मुलं होती. पण चांगला भाग वाया घालवणं तुला जमत नाही. त्याच्या पुढचं तुला सापडलं नाही असं आता मला सांगू नकोस.

टेपा पाठव.

डेला


पिट्सबर्ग
४ मे

डेला,

टेपा या पत्राबरोबर आहेत. आईने निरोप रविवारीच दिला होता. सोमवारी मी त्या टेबलावर ठेवून नुसती बघत बसले. आज पाठवतेय. हा एक दिवसही मीच खाल्ला, तोही माझ्या नावावर मांड.

आडकाठी लिहिली तेव्हा मी पहिली टेप शेवटपर्यंत पाहिली नव्हती. हे खरं आहे. दुसरी लावली, काळं चित्र दिसलं, "बंद केलं" ऐकलं आणि मला इतका आनंद झाला की मी पुढे काही तपासलंच नाही. सापडली एकदाची, असं वाटलं. आनंद झाला असं समजू नकोस, असं तुला लिहिलं, ते खोटं. तुझं पत्र आल्यावर पहिली टेप बघितली. टोपी पाहिली. काकांचा शब्दन् शब्द ऐकला. आणि मग तुला "परवानगीबद्दल काही नाही" असं लिहिलं. ती चूक नव्हती. मी ते ठरवून लिहिलं.

कारण विचारशील. तिने तुला कॅमेरा दिला, हे कारण. तू माझ्याकडे कधी मागितला नाहीस, असं लिहिलंस. मागितला होतास, डेला. पहिल्याच उन्हाळ्यात. मी म्हटलं, "तू बोल, तुला बोलता येतं, हे माझ्याकडे राहू दे." तू विसरलीस. मी विसरले नव्हते. तुला लोक जमतात, ऑगीला इंजिन जमतं, मला एवढंच जमतं. तेही तिला माझ्याहून चांगलं जमत असेल आणि वर ती ते वाटतही सुटली असेल, तर त्या बसमध्ये माझं काम काय? एवढाच विचार. रात्रंदिवस तेवढाच. तुमचं हसणं ऐकलं की मी आवाज बंद करायची आणि मग तुम्ही नुसते हसताना दिसायचात, ते त्याहून वाईट.

जुनिपरला वेगळं पत्र लिहायला घेतलं होतं. फाडलं. तिची माफी मागताना मला अजून तिचा राग येतो. तो गेल्यावर लिहीन.

आडकाठी मागे घेतली आहे. हे सगळ्यांना वाचून दाखव. हवं तर हे सगळंच वाचून दाखव.

मार्ता


स्टिलहाउस ब्रांच
२४ मे

मार्ता,

टेपा शुक्रवारी आल्या. सुनावणी गुरुवारी झाली.

काकांना खुर्चीसकट उचलून नेलं, एका बाजूने ऑगी, दुसऱ्या बाजूने त्यांचा मुलगा. हो, मुलगा. पंगतीत टोपीची गोष्ट त्यानेही ऐकली होती. बापापाशी आला आणि म्हणाला, "तोंड दाखवायचं असेल तर दाखवा. मी नोकरीचं बघतो." काका बोलले, मध्ये मध्ये श्वासासाठी थांबत. अधिकारी म्हणाले, वेळ संपली. काका म्हणाले, "माझीही संपत आलीय, मग दोघं मिळून संपवू." बांधाचा निर्णय पुढे ढकललाय, आधी तपासणी होणार. बांध सध्या आहे तेवढाच राहील. काका परत हॉस्पिटलात आहेत आणि या वेळी सही करून पळण्याइतका जोर त्यांच्यात नाही. टेप वेळेत असती तर ते घरी बसून असते. हे तुला टोचायला लिहीत नाही. झालं ते लिहितेय.

तुझं पत्र मी वाचून दाखवलं. सगळं नाही. पहिल्या उन्हाळ्याचा भाग माझ्याजवळ ठेवला. मला आठवलं ते. आठवल्यावर रडू आलं.

काल बैठक झाली. जुनिपरला घेतलं, सगळ्यांनी बोटं हलवली. मग तुझा विषय. हिवाळाभर लांब राहिलेल्याला परत येताना पुन्हा संमती लागते, हा नियम तूच लिहिला होतास. ऑगी म्हणाला, माणूस चुकतो. बाकीचे दोघं म्हणाले, येऊ दे. जुनिपरने सगळ्यांच्या आधी हात वर केला होता. म्हणाली, "तिची फळी मी फक्त वापरत होते."

आडकाठी मी घातली.

नियमाप्रमाणे कारण द्यावं लागतं आणि ते कामाचं असावं लागतं. मी सांगितलं की माझं कारण कामाचं नाही. वैयक्तिक आहे. मार्ता बसमध्ये असेल तर मी कुणाशी हसले, कुणाकडून काय शिकले, याचा हिशेब मला मनात ठेवावा लागेल, आणि मला तसं राहायचं नाही. ऑगी म्हणाला, असल्या कारणाने आडकाठी घालता येत नाही. मी म्हटलं, ठाऊक आहे. तत्त्वाचं एखादं कारण शोधून देऊ का? मग मानली त्यांनी.

फिल्म मात्र तूच जोडावीस, असं जुनिपरचं म्हणणं पडलं. तुझ्याइतक्या या टेपा कुणाला पाठ नाहीत. त्याला माझी हरकत नाही. मूळ टेपा यापुढे आमच्याकडे राहतील, तुला नकला येतील. पहिलं खोकं आजच टाकतेय.

तुझ्यावर माझं प्रेम कमी झालेलं नाही. लांबूनच राहू दे ते.

डेला


पिट्सबर्ग
९ जून

डेला,

खोकं मिळालं. पाय बरा आहे, पोस्टापर्यंत चालत जाते. तुझी आडकाठी मान्य आहे. मी तुझ्या जागी असते तर इतकं खरं कारण दिलं नसतं.

हॉबर्टकाकांच्या सुनावणीची टेप काल लावली. मुलाने खुर्ची खाली ठेवली, तो बाजूला झाला, तरी त्याचा हात खुर्चीच्या पाठीवरून सुटत नव्हता. जुनिपर कॅमेरा घेऊन काकांच्या चेहऱ्याकडे गेलीच नाही. त्या हातावर थांबली आणि त्यांचं सगळं बोलणं होईपर्यंत तिथेच थांबून राहिली. मी असते तर चेहऱ्याकडे धावले असते.

ते माझ्यापेक्षा चांगलं आहे.

एवढं तिला सांगू नकोस.

मार्ता